बुगाटी रोयाल ४११२१: भंगारातून उचललेली गाडी, आणि तिचा रंग पुन्हा काळा करावा का?

दुर्बीण (धागाकर्ता)

इटालियन गाड्यांच्या धाग्यावर विषय भरकटून बुगाटी रोयालवर गेला आणि दोघा-तिघांनी 'यावर वेगळा धागा काढा' म्हणून गळ घातली. तर हा घ्या. सगळ्या रोयाल गाड्यांवर लिहायला बसलो तर ग्रंथ होईल, म्हणून एकीलाच धरतो: चासी (गाडीचा सांगाडा) क्रमांक ४११२१, वाइनबर्गर कॅब्रिओले, म्हणजे उघडता येणाऱ्या टपाची. सहा शिल्लक रोयालपैकी भंगारवाल्याच्या आवारात जाऊन परत आलेली ही एकच. आणि तिच्या दुरुस्तीवरून अजूनही दोन तट पडतात.

आधी थोडी पार्श्वभूमी, ज्यांना माहीत आहे त्यांनी दोन परिच्छेद उड्या मारून पुढे जावं.

एत्तोरे बुगाटी जन्माने मिलानचा, कारखाना आल्सेसमधल्या मोल्सहाइमला. १९०९ साली कारखाना सुरू झाला तेव्हा ते गाव जर्मनीत होतं, पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये आलं. नाव झालं ते हलक्या, चपळ शर्यतीच्या गाड्यांमुळे. अशा माणसाने १९२०च्या दशकाच्या मध्यावर ठरवलं की आता राजेरजवाड्यांसाठी गाडी करायची, आणि कुणी केली नसेल एवढी मोठी करायची. ती टाइप ४१, म्हणजेच रोयाल. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ४.३ मीटर, लांबी सहा मीटरच्या वर, वजन तीन टनांच्या पुढे. इंजिन एका रांगेत आठ सिलिंडरचं, १२,७६३ सीसी. म्हणजे एका सिलिंडरचीच क्षमता जवळपास १,६०० सीसी पडते. पहिल्या नमुन्याचं इंजिन तर याहून मोठं, १४.७ लिटरचं होतं. रेडिएटरच्या टोपणावर मागच्या पायांवर उभा चांदीचा हत्ती. तो एत्तोरेचा धाकटा भाऊ रेम्ब्रांट याच्या शिल्पावरून ओतलेला. रेम्ब्रांट प्राण्यांची शिल्पं करायचा, १९१६ साली त्याने आत्महत्या केली. भावाची आठवण म्हणून एवढ्या अवजड गाडीच्या नाकावर हत्ती बसवणं मला फार लोभस वाटतं.

२५ गाड्या करायचा बेत होता. झाल्या सात, त्यातली एक मोडीत निघाली, उरल्या सहा. आणि कारखान्याबाहेरच्या गिऱ्हाइकांना त्या वेळी विकल्या गेल्या फक्त तीन. जागतिक मंदीत नुसत्या चासीची किंमत ३० हजार डॉलर, वर बॉडी आपली आपण बांधून घ्यायची. राजे लोकांचीच तेव्हा गादी डळमळत होती. स्पेनचा अल्फोन्सो गाडी घेणार घेणार म्हणताना १९३१मध्ये देशाबाहेर पडला.

त्या तीन गिऱ्हाइकांत राजा एकही नाही. एक फ्रेंच कपडेवाला अर्मां एस्दर, एक इंग्रज कॅप्टन फॉस्टर, आणि तिसरा आपल्या गोष्टीतला जर्मन प्रसूतितज्ज्ञ डॉ. योझेफ फुक्स. फुक्सने चासी घेऊन म्युनिकच्या लुडविग वाइनबर्गरकडून तिच्यावर उघड्या टपाची दोन दारी बॉडी बांधून घेतली. १९३२च्या मे महिन्यात गाडी तयार झाली. काळी, पिवळ्या रंगाच्या जोडीने. वाइनबर्गरने नाटकीपणा अजिबात केलेला नाही. मडगार्डची ओळ पुढून मागे एका दमात वाहत जाते, बॉनेट संपतच नाही, आणि टप खाली घेतला की सगळी गाडी एका लांब आडव्या रेषेसारखी दिसते. सहाही गाड्यांचे फोटो शेजारी शेजारी ठेवून पाहा, माझं मत तुम्हाला पटेल. नेपोलियन कूपेच्या (सहांपैकीच एक, एत्तोरेच्या घराण्यात राहिलेली) चाहत्यांनी राग मानू नये.

मग जर्मनीत वारं फिरलं. फुक्स देश सोडून आधी इटलीत, तिथून पूर्वेकडे आणि १९३७च्या सुमारास न्यूयॉर्कला पोचला. गाडीही तिथे आली. पुढे एका हिवाळ्यात इंजिनात पाणी राहिलं, गोठलं, ब्लॉक तडकला. असा ब्लॉक बदलून कोण देणार? भंगारात गेली.

जनरल मोटर्समधला एक अभियंता, चार्ल्स चेन, या गाडीवर आधीपासून डोळा ठेवून होता. तो पुढे त्या कंपनीच्या अभियांत्रिकी विभागाचा उपाध्यक्ष झाला. चाळीसच्या दशकात त्याला ती न्यूयॉर्कच्या भंगारात सापडली आणि काही शे डॉलरला त्याने ती उचलली. १९४७मध्ये दुरुस्ती पुरी झाली. योगायोग असा की एत्तोरे बुगाटी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेला.

आता वादाचा मुद्दा. चेनने गाडी 'जशी होती तशी' केली नाही. मूळच्या एका कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या) जागी नवा इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे ते मिश्रण सिलिंडरांपर्यंत नेणारी नळ्यांची जोडणी, बनवून त्यावर चार कार्ब्युरेटर बसवले. आणि रंग दिला मोतिया पांढरा, हिरव्या कडांचा, वर हिरवा टप. पुढे पन्नासच्या दशकाच्या अखेरीस चेन पतिपत्नींनी ती डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयाला देऊन टाकली. आजही ती तिथे आहे, पांढरी.

माझं मत: पांढरीच राहू द्यावी. पण जाणकारांनी प्रकाश टाकावा.

अबोली

मस्त लेख. वाचनखूण साठवली. हत्तीची गोष्ट माहीतच नव्हती.

पाचवा गिअर

+१, पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

अल्बेनियाच्या झोग राजाचा किस्सा राहिला की! तो रोयाल घ्यायला मोल्सहाइमला गेला, जेवणाच्या टेबलावर त्याचं वागणं बघून एत्तोरेने 'विक्रीला गाडी शिल्लक नाही' म्हणून त्याला वाटेला लावलं.

दुर्बीण

किस्सा मुद्दाम गाळला. सांगणारे पुष्कळ, पण तो आहे ऐकीव गोष्टींच्या गटातला. २५ गाड्यांचा बेत आखून तीन विकणाऱ्या माणसाने चौथ्याला जेवणाच्या रीतीवरून परत पाठवलं असेल, यावर माझा विश्वास बसायला जड जातं. अर्थात एत्तोरेचा ताठा पाहता अशक्य असंही म्हणवत नाही.

वंगण

माझा धंदा बीडाच्या (ओतीव लोखंडाच्या) वस्तू दुरुस्त करण्याचा, त्यामुळे तडकलेल्या ब्लॉकवर दोन ओळी लिहिल्याशिवाय राहवत नाही. दोन ओळींचं पान झालं तर सांभाळून घ्या.

पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं. ब्लॉकच्या पोटातली पाण्याची जागा बंदिस्त असते आणि बीड दाबाला दणकट असलं तरी ताणाला कच्चं. पोलादासारखं ते वाकत नाही, लांबत नाही, सरळ फुटतं. बहुतेक वेळा चीर पाण्याच्या जॅकेटच्या बाहेरच्या पातळ भिंतीला जाते. सिलिंडरच्या भिंतीला गेली तर दुखणं मोठं.

आता रोयालचं हे इंजिन का अवघड ते ऐका. यात ब्लॉक आणि हेड (सिलिंडरांवरचं झाकण) वेगळं नाही, एकाच ओतकामात दोन्ही. एत्तोरेचा हा लाडका हट्ट. हेड नाही म्हणजे दोघांमधली सांध्याची पट्टी, हेड गास्केट, नाही, म्हणजे ते उडायचा प्रश्न नाही, इथपर्यंत सगळं छान. पण व्हॉल्व्ह घासायचे झाले तर वरून हेड उचलून काम होत नाही, सगळं इंजिन उतरवून, खालून खोलून तो भलामोठा ब्लॉक सुटा करावा लागतो. आणि व्हॉल्व्ह घासणं हे त्या काळात अधूनमधूनचं नेहमीचं काम होतं. व्हॉल्व्ह तरी किती, सिलिंडरला तीन, म्हणजे चोवीस. तेव्हा फुटका ब्लॉक बाजूला ठेवून दुसरा टाकू, हे इथे नाही. तो एक तुकडा गेला की अर्धं इंजिन गेलं.

अशी चीर बुजवायचे रस्ते मोजकेच. तापवून वेल्डिंग करायचं तर सगळा ब्लॉक भट्टीत लाल व्हायच्या बेताला नेऊन, निकेलची कांडी वापरून, मग राखेत किंवा वाळूत पुरून अगदी सावकाश थंड करावा लागतो. घाई केली की शेजारी नवी चीर. शिवाय एवढा लांब ब्लॉक तापल्यावर किंचित जरी पीळ घेऊन बसला तरी क्रँकच्या बेअरिंगची सरळ रेषा बिघडते. इथे नऊ मेन बेअरिंगं आहेत, नऊही एका दोऱ्यात पाहिजेत.

म्हणून आज असं काम माझ्याकडे आलं तर मी थंड टाके घालीन. चिरेच्या दोन्ही टोकांना आधी भोक पाडायचं, म्हणजे ती पुढे सरकत नाही. मग चिरेला आडव्या भोकांच्या रांगा, त्यांत माळेच्या आकाराच्या निकेल मिश्रधातूच्या पट्ट्या ठोकून बसवायच्या. त्या दोन्ही काठ धरून ठेवतात. मग चिरेच्या लांबीवर भोक, आटे, स्क्रू. पहिला स्क्रू कापून ठोकला की दुसऱ्याचं भोक पहिल्याला थोडं खाऊनच पाडायचं. असे एकात एक अडकलेले स्क्रू शेवटपर्यंत. वर घासलं की रेषा दिसतही नाही. शेवटी पाण्याच्या दाबाखाली ठेवून ओल येते का बघायचं. कंटाळवाणं काम आहे, पण उष्णता नाही त्यामुळे पीळ नाही.

थोडक्यात, भंगारवाल्याने ती गाडी धातूच्या भावाने घेतली यात त्याचा दोष शून्य. चेनसारखा माणूस मिळाला हेच नवल.

भिंगरी

वंगण, साष्टांग. 'एकमेकांना खाऊन पाडलेली भोकं' वाचताना डोळ्यांपुढे आलं सगळं.

मूळ रूप

मी धागाकर्त्यांशी असहमत, आणि नावाला जागून जरा सविस्तर.

फुक्स आणि वाइनबर्गरने ठरवलेली गाडी काळी-पिवळी होती. बॉडी बांधणारा कलाकार रंग धरूनच रेषा आखतो. काळ्या रंगात मडगार्डची कड विरघळते आणि पिवळ्याने कंबरेची रेषा उठते. पांढऱ्या रंगात सगळा पसारा एकसारखा पुढे येतो, तीन टन वजन डोळ्याला अगदी तीन टन दिसतं. चेन मोठा अभियंता होता, मान्य. पण वाइनबर्गरच्या कामावर त्याने स्वतःची आवड चढवली, तीही १९४७च्या अमेरिकेतली आवड. त्या वर्षी कुणाला काय छान वाटलं यावरून १९३२ची गाडी का ओळखली जावी?

कार्ब्युरेटरचंही तेच. मूळचा एकच कार्ब्युरेटर हा रचनेचा भाग होता. चार लावून ती गाडी कदाचित चांगली चालली असेल. पण 'चांगली' करणं हे दुरुस्तीवाल्याचं काम नाही. नाकावर चांगला चष्मा चढवला म्हणून जुन्या तैलचित्रातला माणूस सुधारत नाही.

संग्रहालयाने ती पुन्हा काळी-पिवळी करावी आणि मॅनिफोल्ड मूळ पद्धतीचा बसवावा. फोटो आहेत, मोजमापं घेता येतात. थ्रीडी स्कॅन करून वाळूचा साचा थेट छापून ओतकाम करण्याचं तंत्र आता सर्रास झालं आहे. चेनकडे ती सोय नव्हती, आज आहे.

ठोकळा

चष्म्याचं उदाहरण चुकीचं आहे राव. तैलचित्र बघायची वस्तू, गाडी चालवायची. तडकलेल्या इंजिनाची गाडी घेऊन चेनला ती रस्त्यावर आणायची होती. हौस त्याची, पैसा त्याचा, कष्ट त्याचे.

मूळ रूप

ठोकळा, तेव्हा ती त्याची होती म्हणून त्याने काय करावं यावर मी बोलतच नाही. आता ती संग्रहालयाची आहे. संग्रहालयाने काय करावं हा प्रश्न आहे.

निळी शाई

संग्रहालयं हा माझा विषय (गाड्या नव्हे, कागद आणि कापड), म्हणून या बाजूने लिहिते.

काळा-पिवळा रंग त्या गाडीवर होता १९३२पासून १९४७पर्यंत, म्हणजे पंधरा वर्षं. त्यातली शेवटची काही भंगारात. पांढरा रंग आहे तेव्हापासून आजपर्यंत. 'खरा' रंग कुठला हे वर्षांवरून ठरवायचं झालं तर पांढरा केव्हाच जिंकला. पण आमच्याकडे तसं ठरवत नाहीत. आमचा पहिला प्रश्न असा: आत्ता जे आहे ते काढलं तर काय नष्ट होईल? पांढरा थर खरवडला तर १९४७मधल्या अमेरिकेत एका बुगाटीची दुरुस्ती कशी झाली याचा पुरावा जाईल. जुन्या आलिशान गाड्या जपायच्या असतात हे बहुतेकांच्या ध्यानीमनीही नव्हतं अशा काळातला तो पुरावा आहे. तेव्हा अशा गाड्या वितळवत होते. त्या अर्थाने चेनची दुरुस्ती हाच आता एक ऐतिहासिक दस्तऐवज झाला आहे.

जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाची, फिवाची, ट्यूरिन सनद याच विचाराने लिहिलेली आहे. २०१३च्या जानेवारीत ती कायम झाली. तिचा रोख असा की जपणूक पहिली, नवं करणं शेवटी. काही बदलावंच लागलं तर त्याची नोंद ठेवा आणि नव्या भागावर खूण करा, म्हणजे पुढच्याची फसगत होणार नाही.

मूळ रूप यांचा एक मुद्दा मात्र मी उचलून धरते. मूळ रंग नेमका कसा होता हे कळायला हवं. त्यासाठी सगळी गाडी खरवडायची गरज नाही. बिजागरीच्या मागे, डॅशबोर्डच्या खाली, चकतीच्या आड जिथे कुणी नीट घासलेलं नसतं तिथला तांदळाच्या दाण्याएवढा कपचा घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली कडेने पाहिला तर रंगाचे थर एकाखाली एक दिसतात, अस्तरापासून वरपर्यंत. पिवळा लिंबाकडे झुकणारा होता की शेंदराकडे, ते काळ्या-पांढऱ्या फोटोवरून कधीच कळणार नाही. कपच्यावरून कळू शकतं.

पाचवा गिअर

निळी शाई ताई, यावर वेगळा धागा काढाच.

वंगण

कार्ब्युरेटरबद्दल. मूळ रूप, तुमचा मुद्दा तत्त्वाला धरून आहे पण इंजिनाच्या बाजूने बघा. एका रांगेतल्या आठ मोठ्या सिलिंडरांना मधोमध बसलेल्या एका कार्ब्युरेटरने पेट्रोल-हवेचं मिश्रण पुरवायचं. मधल्या सिलिंडरांना रस्ता जवळचा, टोकांच्यांना लांबचा. थंड इंजिनात पेट्रोलचे थेंब वाटेतच नळीच्या भिंतीला चिकटतात, टोकांना मिश्रण पातळ पोचतं. चार कार्ब्युरेटर म्हणजे दोन सिलिंडरांना एक, रस्ता छोटा आणि सारखा. चेनने काय विचार केला असेल ते यावरून उघड आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: मॅनिफोल्ड ही बोल्टने बसणारी वस्तू. उद्या काढून मूळ पद्धतीचा चढवला तर ब्लॉकला ओरखडाही नको. परतीचा रस्ता उघडा ठेवलेला बदल आणि तो बंद करून टाकलेला बदल यात मी जमीन-अस्मानाचा फरक मानतो. माझ्याकडे एकदा एक जुनं इंजिन आलं होतं, आधीच्या कुणी कारागिराने मोठे व्हॉल्व्ह बसवायच्या नादात सीटच्या जागा खरवडून पाण्याच्या जॅकेटपर्यंत नेल्या होत्या. तिथे माझ्यासारख्याने करायचं काय?

दुर्बीण

वंगण यांनी माझं काम हलकं केलं.

मूळ रूप, तुम्हाला एक विचारतो. एस्दरची रोयाल, ४११११, आठवा. झाँ बुगाटीने, म्हणजे एत्तोरेच्या मुलाने, तिच्यावर बांधलेली दोन आसनी रोडस्टर बॉडी. अनेकांच्या मते बुगाटीची सगळ्यात देखणी. एस्दर रात्री गाडी चालवत नसे म्हणून तिला हेडलाइटच नव्हते! पुढच्या मालकाने ती बॉडी उतरवून पॅरिसच्या आंरी बिंदरकडून बंदिस्त कूपे द व्हील बांधून घेतली. तिच्यासह ती चासी पुढे अमेरिका फिरून आली आणि १९९९मध्ये फोक्सवॅगनने घेतली. आज ती बिंदर बॉडी काढून पुन्हा रोडस्टर करा असं कुणी म्हणत नाही. तुमच्या न्यायाने मात्र करायला हवी.

त्यापेक्षा म्यूलूझच्या संग्रहालयात जे केलं ते मला पटतं. तिथे श्लुम्फ बंधूंच्या साठ्यातले अस्सल सुटे भाग वापरून एस्दर रोडस्टरची वेगळी प्रतिकृती उभी केली. खरी गाडी आपल्या जागी, हरवलेलं रूपही बघायला मिळतं. वाइनबर्गरच्या काळ्या-पिवळ्याची हौस असेल तर हा मार्ग मोकळा आहे.

भिंगरी

श्लुम्फ म्हणजे तेच ना, कापड गिरणीवाले? ज्यांच्या कामगारांनी संग्रह ताब्यात घेतला?

दुर्बीण

तेच. हान्स आणि फ्रिट्झ. गिरण्या बुडीत निघाल्या, आणि १९७७मध्ये कामगार आत शिरले तेव्हा मालकांनी जमवलेला गाड्यांचा डोंगर समोर. त्यात दोन रोयाल होत्या: एत्तोरेच्या घराण्यात राहिलेली नेपोलियन कूपे आणि कॅप्टन फॉस्टरची पार्क वॉर्ड लिमोझिन. बंधू स्वित्झर्लंडला निघून गेले, संग्रहाचं पुढे राष्ट्रीय संग्रहालय झालं. म्हणून आज दोन रोयाल एका छपराखाली बघायच्या तर म्यूलूझ गाठावं लागतं.

मूळ रूप

दुर्बीण, उदाहरण चांगलं काढलंत, पण फरक आहे. बिंदरची बॉडी ही मालकाने नामांकित बॉडी बांधणाऱ्याकडून गाडीच्या ऐन आयुष्यात करून घेतलेली. रोयाल हयात असताना तिच्यावर बॉड्या बदलणं ही रीतच होती. खुद्द पहिल्या चासीवर सुरुवातीला पॅकार्डची बॉडी होती, मग एकामागून एक बदलत शेवटी नेपोलियन कूपे आली. चेनचा पांढरा रंग हा भंगारानंतरचा, म्हणजे 'दुरुस्ती' या नावाखाली आलेला. दुरुस्तीने जुनं परत द्यावं, एवढंच माझं मागणं.

मॅनिफोल्डवर मी माघार घेत नाही, पण वंगण म्हणतात तसं ते उलटवता येण्यासारखं आहे हे खरं. तेव्हा चेनचा मॅनिफोल्ड शेजारी काचेत ठेवून मूळचा बसवा. दोन्ही राहतील. रंगाचं काय करायचं ते मात्र सूक्ष्मदर्शकाने ठरवू द्या.

ठोकळा

मग मागियोरे तळ्यातली ब्रेशिया, बुगाटीचीच गाडी? १९२५ची टाइप २२, कित्येक दशकं तळ्याच्या तळाशी गंजत पडलेली. २००९च्या जुलैत बाहेर काढली, २०१० साली पॅरिसच्या लिलावात २ लाख ६० हजार युरोच्या वर गेली. पैसा एका मारल्या गेलेल्या तरुणाच्या स्मरणार्थ काढलेल्या संस्थेला. घेणाऱ्या अमेरिकन संग्राहकाने ती पुन्हा नवी करायची नाही असं ठरवलं आणि गंजलेली, अर्धी खाल्लेली तशीच आपल्या संग्रहालयात मांडली. मूळ रूप यांच्या मते तीही रंगवून चकचकीत करायची का?

मूळ रूप

नाही. तिच्यात परत आणण्याजोगं फारसं उरलंच नव्हतं. नवी केली असती तर जुन्या नंबराची नवी गाडी झाली असती. तिथे गंज हीच तिची खरी हकिकत. माझ्या म्हणण्यात विसंगती नाही, ठोकळा.

निळी शाई

इथे मी मूळ रूप यांच्या बाजूने. प्रत्येक वस्तूला वेगळा निर्णय लागतो, एक नियम सगळ्यांना लावला की घोटाळा. फक्त एक विचारते, चेनची गाडीही भंगारातच मिळाली होती. ती आज, जशी सापडली तशी, कुणाला मिळाली असती तर? तडकलेला ब्लॉक, विटलेला काळा रंग, फाटका टप. मला खात्री आहे, आज तिला कुणी ब्रशही लावू दिला नसता.

वंगण

आणि मग ते इंजिन कुणी ऐकलंही नसतं.

पाचवा गिअर

अवांतर: हे इंजिन कसं वाजत असेल? १२.७ लिटर म्हणजे आगगाडीच.

दुर्बीण

विनोदाने म्हणालात, पण अगदी खरं आहे ते! न विकलेल्या रोयालच्या इंजिनांचं काय करायचं हा प्रश्न एत्तोरेपुढे होताच, तेव्हा त्याने फ्रेंच रेल्वेसाठी त्या इंजिनांवर चालणारे डबे बनवले. १९३३पासून ते धावू लागले. मोठ्या डब्यात चार इंजिनं, प्रत्येकाचा जोर उतरवून २०० अश्वशक्तीला आणलेला, म्हणजे चालणंही सुरळीत आणि टिकाऊपणाही. १९३४ साली एका डब्याने ताशी १९६ किलोमीटरचा विक्रम केला. गाडी म्हणून जे इंजिन तिघांनी विकत घेतलं ते रेल्वेत इतकं चाललं की रोयालचा घाटा तिथेच भरून निघाला असं म्हणतात. एक डबा शिल्लक आहे, म्यूलूझमध्येच, रेल्वेच्या संग्रहालयात.

अबोली

युद्धाच्या काळात बाकीच्या रोयाल वाचल्या कशा? जर्मनांच्या हाती कशा लागल्या नाहीत?

दुर्बीण

तीन गाड्या एर्मेनोनव्हिलच्या बुगाटींच्या घरी भिंत बांधून तिच्यामागे लपवल्या होत्या: नेपोलियन कूपे, आणि केलनर व बर्लिन द व्हॉयाज या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या आणखी दोन रोयाल. युद्धानंतर घराण्याची परिस्थिती ओढगस्तीची. १९५०मध्ये अमेरिकन शर्यतपटू ब्रिग्ज कनिंगहॅमने त्यातल्या दोन घेतल्या, थोडी रोख रक्कम आणि वर नवे अमेरिकन फ्रिज देऊन. फ्रान्समध्ये तेव्हा फ्रिज मिळत नव्हते. त्यातलीच केलनर १९८७मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधल्या लिलावात ५५ लाख पौंडांना गेली.

सहाही गाड्या एका ठिकाणी उभ्या करायचा योग १९८५ साली कॅलिफोर्नियात पेबल बीचला आला. त्या रांगेत चेनची पांढरी चटकन ओळखू येते.

मूळ रूप

ओळखू येते ती चुकीच्या रंगामुळे. (हलकं घ्या.)

वंगण

रेल्वेच्या डब्यांवर वेगळा धागा काढा दुर्बीण. चार इंजिनं एका डब्यात जोडायची म्हणजे क्लच आणि शाफ्टची काय मांडणी केली असेल, त्यावर माझ्याकडे लिहायला बरंच आहे.

दुर्बीण

काढतो. रविवारपर्यंत थांबा. मूळ रूप, तुम्हीही या, त्या डब्यांच्या रंगावरून भांडायला वाव आहे.